सुटी होणारी ऊब

बेळगावजवळच्या हिंडलग्याला डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे वेंगुर्ला रोडने चालत निघालं की रस्त्याच्या कडेला शेकोट्या दिसतात. उसाचा वाळका पाला, काटक्या, एखादं फुटकं खोकं, आणि भोवती उकिडवी बसलेली चार-पाच माणसं. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे थंडी पडली की ती चांगलीच जाणवते. या शेकोटीकडे यंत्र म्हणून पाहिलं तर थक्क व्हायला होतं. तिच्या जोडणीला पाना लागत नाही, ठेवायला माळा लागत नाही, न्यायला टेम्पो लागत नाही. काम संपलं की मूठभर राख उरते आणि उन्हाळ्यात तर ती जागाही अडवत नाही. उघड्यावर ऊब देणारा हीटर बनवायचा म्हणजे या शेकोटीशी बरोबरी करायची, आणि ते किती अवघड आहे हे हीटर उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पहिलं कोडं ऊब पोचवण्याचं. खोलीतली हवा तापवली की ती खोलीतच राहते. अंगणात किंवा गच्चीवर तापवलेली हवा क्षणात वर निघून जाते, वारा असला तर त्याहूनही लवकर. मग शेकोटीपुढे चेहरा का भाजतो आणि पाठ गार का राहते? कारण तिथे हवा ऊब आणून देत नाही, किरण आणतात. 1800 साली विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाश लोलकातून नेला आणि वेगवेगळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यांत वर चढला. तोच हा अवरक्त प्रकाश. तो मधली हवा फारशी न तापवता सरळ अंगावर येतो आणि तिथे उष्णता होतो. तापलेल्या वस्तूचं तापमान वाढेल तसा हा प्रकाश केल्विनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणून साधारण 800 अंश सेल्सिअसला लालभडक झालेली जाळी, माणसाच्या तेवढ्याच क्षेत्रफळाच्या कातडीपेक्षा दीडशेपट किरण फेकते. तळहाताएवढा निखारा एवढं काम करू शकतो तो त्यामुळेच.

हॉटेलांच्या अंगणांत आणि उत्तरेकडच्या लग्नांच्या लॉनवर दिसणारा छत्रीवाला गॅस हीटर याच नियमावर उभा आहे. खाली डब्यात सिलिंडर, वर पोकळ खांब, खांबाच्या टोकाला बर्नर आणि लाल होणारी जाळी, आणि तिच्यावर अॅल्युमिनियमची गोल छत्री. घासून चकचकीत केलेलं अॅल्युमिनियम अवरक्त किरणांचा फार मोठा भाग परत फिरवतं. आकाशात वाया गेले असते ते किरण त्यामुळे खाली माणसांकडे वळतात.

इथपर्यंत सगळं भौतिकशास्त्र. खरी गंमत पुढे, कारण हा हीटर वर्षातले आठ-नऊ महिने कुणालाच नको असतो. आपल्याकडे तर तो अडीच-तीन महिन्यांपुरताच. तो प्रत्येक मोसमात जोडायचा, सोडायचा, कुठेतरी ठेवायचा आणि कुणाच्या तरी टेम्पोत चढवायचा. सव्वादोन मीटर उंच आणि वर ऐंशी सेंटिमीटर व्यासाची छत्री, असा उभा हीटर एका खोक्यात घालायचा म्हटलं तर जवळपास 1.4 घनमीटर जागा लागेल. त्या जागेत लोखंड किती? अगदी थोडं. बाकी सगळी हवा. आपण टेम्पोचं भाडं भरून हवा हिंडवत असतो.

म्हणून छत्री तीन-चार पाकळ्यांत कापतात. एकसारख्या वाकवलेल्या पाकळ्या पत्रावळींसारख्या एकीत एक बसतात आणि एवढा मोठा घुमट बोटभर जाडीच्या थप्पीत मावतो. खांबाचे दोन-तीन तुकडे होतात. सिलिंडरच्या डब्याच्या पोकळीत बर्नरचं डोकं शिरतं. सगळं मिळून 85 सेंटिमीटर लांब आणि 50 सेंटिमीटर रुंद-उंच खोक्यात बसवता आलं, तर जागा साडेसहापटीने कमी लागते. ही युक्ती नवी नाही. मिशाएल थोनेटने 1859 साली व्हिएन्नात जी वाकवलेल्या लाकडाची खुर्ची काढली, तिचे सहा लाकडी भाग मोजक्या स्क्रूंनी जुळत, आणि सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत. जगभरच्या कॅफेंत ती पोचली ती देखणी होती म्हणून, आणि तितकीच या पेटीमुळे.

पण कापायला सुरुवात केली की एक भांडण उभं राहतं. या सगळ्या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच. जोडणी म्हणते भाग कमी करा, वाहतूक म्हणते भाग वाढवा. अमेरिकेत जेफ्री बूथ्रॉयड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांनी 1980 च्या दशकात जोडणीचं शास्त्र बसवलं. प्रत्येक भागाला ते तीन प्रश्न विचारायला सांगतात. हा भाग शेजारच्या भागापेक्षा वेगळा हलतो का? तो वेगळ्या धातूचा किंवा पदार्थाचा असणं भाग आहे का? तो सुटा नसेल तर बाकीचं जोडता-सोडता येणार नाही, असं आहे का? तिन्ही उत्तरं नाही आली तर तो भाग शेजाऱ्यात विरघळवून टाका. बेळगावातल्या उद्यमबाग आणि मच्छेच्या फौंड्र्यांना हे विरघळवणं शिकवायची गरज नाही. पंपाची कवचं, व्हॉल्व्ह, हायड्रॉलिकचे ठोकळे ओतणाऱ्या या गावात पाच पत्रे, दहा नट आणि दोन कोन यांच्याऐवजी एकच ओतीव तुकडा काढणं हा रोजचा धंदा आहे. हीटरचं बूड असं एकसंध ओतलं तर जोडणी चुटकीसरशी होईल. पण मग ते बूड उचलायचं कुणी?

तोड निघते ती नेमकं कुठे कापायचं हे ठरवण्यात. चांगला कारागीर आकार जिथे सर्वांत पोकळ आहे तिथे कापतो आणि जिथे जोखीम आहे तिथे कात्रीही नेत नाही. म्हणून छत्री आणि खांब सुटे करावेत. बर्नर, व्हॉल्व्ह, सतत तेवणारी छोटी पायलट ज्योत आणि तिची तार हे मात्र एकच बंद डोकं असावं. ते कारखान्यात जुळलं, गळतीसाठी तपासलं, की गिऱ्हाइकाने त्याला हात लावू नये. गॅसचा जो एकच सांधा माणसाने रोज उघडायचा, तो सिलिंडरवरच्या रेग्युलेटरचा. आपल्या स्वयंपाकघरातला तो खटक्याचा रेग्युलेटर जरा निरखून पाहा. पाना नाही, आटे नाहीत, नीट बसल्याशिवाय त्याची कळ फिरत नाही, आणि देशातल्या कोट्यवधी घरांत माणसं तो जवळजवळ न बघता बसवतात. बिनहत्याराच्या जोडणीचा यापेक्षा सरस नमुना मला माहीत नाही.

त्या बंद डोक्यात एक जादू आहे. पायलट ज्योतीत दोन वेगळ्या धातूंच्या सांध्याची एक बारीक सळी असते. सांधा तापला की त्यातून काही मिलिव्होल्ट वीज निघते. थॉमस झेबेकला 1821 साली दिसलेला हा परिणाम. एवढीशी वीज एका छोट्या चुंबकाला जागं ठेवते आणि चुंबक गॅसची झडप उघडी धरतो. वाऱ्याने ज्योत विझली, सळी निवली, की चुंबक सुटतो आणि झडप बंद. बॅटरी नाही, इलेक्ट्रॉनिक मेंदू नाही. ज्योत स्वतःच स्वतःची राखण करते. त्याच तारेत एक कलती खटकी जोडतात. हीटर आडवा व्हायला लागला की तारेतली वीज तुटते आणि आग विझते.

आडवा होण्याची भीती खरीच आहे, कारण उंच खांबावर रुंद छत्री म्हणजे वाऱ्याला आयतं निमंत्रण. इथे सिलिंडर दुहेरी काम करतो. इंधनही तोच आणि वजनही तोच. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि रिकामं भांडंही जवळपास तेवढ्याच वजनाचं असतं. मोठा हीटर पूर्ण सोडला तर तासाला साधारण एक किलो गॅस जळतो. म्हणजे रात्र चढेल तसा हीटर हलका होत जातो. त्यावरचा उपाय फार सुंदर आहे. काही हीटरांच्या बुडाला पोकळ टाकी असते. मुक्कामी पोचल्यावर तिच्यात पाणी किंवा वाळू भरायची आणि निघताना ओतून टाकायची. जे वजन तिथे मिळतं ते इथून न्यायचंच नाही.

हे आपल्या मांडववाल्यांना कधीचंच कळलेलं आहे. बांबू, कनाती आणि काथ्या घेऊन निघालेला जुना मांडववाला जमीन बरोबर नेत नसे. जमिनीत खड्डा घेऊन तिलाच पाया करत असे. आजचे लोखंडी पाइपांचे मांडव टेम्पोतून उतरतात आणि काही तासांत उभे राहतात. कुठला पाइप कुठे हे पोरांना सांगावं लागत नाही, कारण पाइप चुकीच्या जागी बसतच नाही. हीटर बनवणाऱ्याने आठवडाभर अशा टेम्पोबरोबर हिंडावं. कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी तिथे दिसतील: गारठलेल्या बोटांनी बारीक स्क्रू पकडता येत नाही, सुटा नट गवतात हरवतोच, दोघांनी धरायचं वजन ऐनवेळी एकट्यालाच धरावं लागतं. मग त्याला मोठ्या कानांचे विंगनट सुचतील, आणि सोडल्यावरही भागाला लटकून राहणारे बोल्ट सुचतील.

उचलण्याची खरी कसोटी मात्र आपल्यापासून फार उत्तरेला लागते. हिंडलग्याच्या शेजारीच बेळगावचा कॅम्प आहे आणि 1922 पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे आहे. इथे तयार झालेले जवान पुढे लडाखसारख्या उंचीवर उभे राहतात. तिथे रॉकेलच्या बुखारीवर, म्हणजे शेगडीवर, तंबू तापतो. तिची काजळी, आगीचा धोका आणि बंद जागेत साचणारा कार्बन मोनॉक्साइड ही जुनी दुखणी आहेत. संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओच्या डिपास या संस्थेने त्यावर हिमतापक नावाचं उपकरण तयार केलं आणि 2021 च्या सुरुवातीला लष्कराने त्याची 420 कोटी रुपयांची मागणी नोंदवल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी दहा जवानांसाठी सूर्याच्या उन्हावर तापणारा तंबू दाखवला. रात्री दहाला बाहेर उणे 14 अंश आणि आत अधिक 15, हे आकडे गाजले. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची दुसरी अट: तंबूचा कुठलाही सुटा भाग 30 किलोच्या आत. रस्ता संपतो तिथून पुढे माणूस आपल्या पाठीवर काय नेऊ शकेल, तिथून आराखडा सुरू झाला.

आता साठवणीकडे. बेळगावचा पाऊस नावाजलेला आहे आणि याच वेंगुर्ला रोडवर पुढे आंबोली आहे. जून ते सप्टेंबर कोपऱ्यात पडलेल्या हीटरचं लोखंड गंजतं हे सांगायला नको. पण दुसरा शत्रू गंजाहून लहान आहे. गॅसच्या बर्नरची अरुंद नळी आणि तिच्या तोंडाचं सुईएवढं भोक ही कोळ्यांची आवडती जागा. 2011 साली माझदा कंपनीला उत्तर अमेरिकेत सुमारे 65,000 मोटारी परत बोलवाव्या लागल्या, कारण पिवळे कोळी इंधनाच्या टाकीच्या हवानळीत जाळी विणत होते. हीटरच्या नळीत तसं जाळं झालं तर गॅस अडतो, हवा नीट मिसळत नाही आणि ज्योत पिवळी, काजळणारी होते. उपाय चार आण्यांचा: ठेवताना नळीच्या तोंडावर बारीक जाळीचं टोपण. ते टोपण दोरीने हीटरलाच बांधलेलं हवं, नाहीतर पहिल्याच वर्षी हरवेल. आणि सिलिंडर मात्र कधीही बंद खोलीत किंवा तळघरात ठेवायचा नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळलेला गॅस वर न जाता जमिनीलगत साचत राहतो.

हे सगळं जमलं तरी एक हिशेब उरतोच. एक किलो गॅस जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो, आणि उघड्यावरच्या उबेचा मोठा वाटा कुणाच्याच अंगाला लागत नाही. फ्रान्सने 2022 च्या वसंतापासून कॅफेंच्या उघड्या अंगणांतले हीटर बंदच केले. मला तो निर्णय योग्य वाटतो. सारं अंगण तापवण्याचा हट्ट सोडून बसलेल्या माणसापुरती ऊब द्यायची, तर हीटर आपोआप लहान होतो, आणि लहान झाला की जोडणं, ठेवणं, नेणं हे तिन्ही प्रश्न निम्म्याने सुटतात. काश्मिरी माणूस विणलेल्या टोपलीतली निखाऱ्यांची मातीची कांगडी फेरनमध्ये, म्हणजे सैल अंगरख्यात, घेऊन हिंडतो. त्याने हा हिशेब शेवटपर्यंत नेला आहे.

तेव्हा असा हीटर कधी विकत घ्यायचा झाला, तर दुकानदार तो पेटवून दाखवेलच, पण तेवढ्यावर थांबू नका. त्याला तो तुमच्यासमोर एकट्याने सोडायला सांगा आणि आला त्याच खोक्यात परत भरायला सांगा. त्याला पाना शोधावा लागला, दुसऱ्याला हाक मारावी लागली किंवा झाकण बसलं नाही, तर तो हीटर घेऊ नका.