पंचवीस सेकंदांची रिंग

२०१९च्या ऑक्टोबरात काही मोबाइल नेटवर्कवरची रिंग २५ सेकंदांतच थांबू लागली. पिशवीतून फोन काढेपर्यंत मिस्ड कॉल पडायचा. हा तांत्रिक बिघाड नव्हता. त्यामागे मिनिटाला ६ पैशांचा हिशेब होता.

एका कंपनीचा ग्राहक दुसरीच्या ग्राहकाला फोन लावतो, तेव्हा शेवटचा टप्पा, म्हणजे योग्य टॉवर गाठून फोन वाजवणं, पलीकडची कंपनी करते. त्यासाठी पहिलीने तिला द्यायची रक्कम म्हणजे कॉल टर्मिनेशन शुल्क. फोन उचलला गेला की पलीकडचं नेटवर्क तसा संकेत पाठवतं आणि तिथून मिनिटं मोजली जातात. नुसत्या रिंगला पैसे पडत नाहीत. रिंग आखूड केली की समोरचा उलट फोन करतो, कॉलची दिशा पालटते आणि देणारी कंपनीही बदलते. अखेर नोव्हेंबरात दूरसंचार नियामक ‘ट्राय’ला मोबाइलसाठी ३० आणि लँडलाइनसाठी ६० सेकंदांची रिंग ठरवून द्यावी लागली.

हा दर बाजारावर सोडून भागत नाही. तुमचा नंबर ज्या नेटवर्कवर, तिथूनच तुमचा फोन वाजणार. त्यामुळे कंपनी कितीही छोटी असली, तरी आपल्या ग्राहकापर्यंतच्या वाटेवर मक्तेदारी तिचीच. तिने दर चढा लावला तर भुर्दंड दुसऱ्यांच्या ग्राहकांवर पडतो. तिचा स्वतःचा ग्राहक त्यापायी तिला सोडून जात नाही. स्पर्धेचा धाक इथे चालतच नाही.

म्हणून ट्राय हा दर ठरवत आली: २००४मध्ये ३० पैसे, २००९मध्ये २०, २०१५मध्ये १४, २०१७मध्ये ६. शेवटच्या वेळी प्रश्न नेमका होता: टॉवर तर उभाच आहे, मग बाहेरून आलेला कॉल पोहोचवायला वाढीव खर्च किती येतो? फोर-जीवर आवाजही डेटाच्या रूपात जाऊ लागल्याने तो खर्च घटत होता. १ जानेवारी २०२१पासून देशांतर्गत मोबाइल कॉलवरचं हे शुल्क शून्य झालं.

पण शुल्क शून्य झालं, तरी दोन कंपन्यांच्या नेटवर्कमधल्या जोडण्याही पुरेशा हव्यात. २०१६मध्ये नव्या कंपनीला पुरेशा जोडण्या न दिल्याबद्दल ट्रायने तीन मोठ्या कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली होती. जोडण्या कमी पडल्या की कॉल लागतच नाही आणि दर शून्य असल्याचा ग्राहकाला काडीचाही उपयोग होत नाही. पैशांची देवघेव थांबली म्हणून नियामकाने या जोडण्यांवरची नजर हटवता कामा नये.