कचऱ्याचा काळा पाझर

पावसाळ्यात कचऱ्याच्या गाडीमागे रस्त्यावर काळपट, आंबूस वासाची धार सांडत जाते. डेपोत अशीच धार कचऱ्याच्या डोंगरातून वर्षानुवर्षे झिरपत राहते. तिला ‘लीचेट’ म्हणतात. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. तळाशी अस्तर नाही आणि शेजारी ठाण्याची खाडी. पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगीच्या ग्रामस्थांना तर विहिरी खराब होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

ताजे लीचेट दिसायला भयंकर, पण शुद्ध करायला तुलनेने सोपे. त्यात मुख्यतः कुजलेल्या अन्नातून तयार झालेली आम्ले असतात आणि ती जिवाणू सहज पचवतात. खरी पंचाईत जुन्या डेपोची. तिथे सोपे खाद्य संपलेले असते. मागे उरतात न कुजणारी ह्युमिक द्रव्ये, शिवाय फिनॉल, प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट आणि ‘पीफास’ ही फ्लोरिनयुक्त रसायने. हवा देऊन जिवाणू वाढवणाऱ्या नेहमीच्या टाक्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही.

मग आधी रसायनाने तोडफोड करावी लागते. चिंचेत असते त्या टार्टारिक आम्लाचे लोहक्षार व हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडीकरण होते, हे हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्ये मांडले. आज हीच प्रक्रिया लीचेटवर वापरतात. तिच्यात तयार होणारे हायड्रॉक्सिल कण मोठ्या रेणूंचे तुकडे करतात. ते तुकडे मग जिवाणूंना पचतात. पण त्यासाठी पाणी आधी चांगलेच आम्लधर्मी करावे लागते आणि शेवटी लोहाचा गाळ उरतो. शिवाय पीफास याला दाद देत नाहीत.

त्यांना अडवायला सक्रिय कोळसा किंवा आरओ. घरातल्यासारखेच, फक्त फार मोठे आणि दणकट. एका नळातून नितळ पाणी येते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी नदीनाल्यात सोडायच्या लीचेटमधल्या सीओडीला, म्हणजे सेंद्रिय प्रदूषणाच्या मापाला, लिटरला २५० मिलिग्रॅमची मर्यादा घातली होती. आरओला ते जमते. पण दुसऱ्या नळातून तेच विष घट्ट होऊन बाहेर पडते. अनेक ठिकाणी ते पुन्हा कचऱ्यावरच ओततात. म्हणून प्रकल्पात कुणी नितळ पाण्याचा ग्लास दाखवला, तर दुसऱ्या नळाचे काय करता, हे जरूर विचारावे. ते आटवून उरलेला क्षार घातक कचऱ्याच्या सुरक्षित खड्ड्यात न्यायचा, तर वीज आणि पैसा दोन्ही लागतात. निविदेत पाहायचा आकडा तो आहे.