चादरीवरची काजळी आणि दिवाळीची साखर

दसऱ्याच्या आसपास आमच्याकडे बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, पुढे गव्हाणीत मोळी पडते आणि राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग लागते. मग एखाद्या सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काळे ठिपके दिसतात. बोटाने टिपायला जावं तर ठिपका जात नाही, त्याची रेघ होते.

चिमणीतून पांढरा लोट निघाला की लोक म्हणतात, बघा किती प्रदूषण. खरं तर बॉयलरमध्ये जळणाऱ्या उसाच्या भुशात जवळपास निम्मं पाणी असतं, त्यामुळे तो लोट बराचसा वाफेचा असतो. चादरीवर पडते ती अर्धवट जळालेल्या भुशाची हलकी राख. ती चिमणीआधीच धरून ठेवायला स्क्रबर किंवा ईएसपी लागतो. तो नीट चालतोय का, हे लोटाच्या रंगापेक्षा चादर जास्त खरं सांगते.

मोठा घोळ आहे तो 'मळी' या शब्दाचा. साखर काढल्यावर उरलेल्या दाट काळ्या पाकाला आपण मळी म्हणतो, रस गाळून निघालेल्या प्रेसमडलाही मळीच म्हणतो, आणि ओढ्यात उतरलेल्या तांबड्या-काळ्या पाण्याला म्हणतो मळीचं पाणी. या तिन्ही वस्तू वेगळ्या. एक टन उसातून साधारण ४० ते ४५ किलो पाकाची मळी निघते. ती विष नाही, कच्चा माल आहे. आसवनीत ती आंबवून अल्कोहोल काढलं की मागे जे उरतं ते स्पेंटवॉश, आणि खरा प्रश्न त्याचाच आहे.

'पण ते पाणी रानात सोडलं तर खतच की!' हे मी शिकल्यासवरल्या माणसांकडूनही ऐकलं आहे. अर्धी गोष्ट खरी आहे, स्पेंटवॉशमध्ये पालाश भरपूर असतं. उरलेली अर्धी गोष्ट अशी: पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा प्राणवायू ओढून घेतात, त्याचं माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्यात ते लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅम असतं, कच्च्या स्पेंटवॉशमध्ये ४० ते ६० हजार. उन्हाळ्यात प्रवरा किंवा मुळा नदीची धार आटलेली असताना असं पाणी डोहात गेलं, तर मासे गुदमरून वर येतात. जमिनीत मुरलं तर क्षार साठतात आणि विहिरीच्या पाण्याला कोऱ्या चहाचा रंग चढतो. असं पाणी मी पोहऱ्यातून ओंजळीत घेतलं आहे. ते ज्याच्या विहिरीचं होतं, तो शेतकरी त्याच हंगामात कारखान्याला ऊस घालत होता.

यावर उपाय नाही असं नाही. स्पेंटवॉशपासून बायोगॅस निघतो, ते आटवून बॉयलरमध्ये जाळता येतं, किंवा पक्क्या ओट्यावर प्रेसमडमध्ये मुरवून खत करता येतं. साखर कारखाने आणि आसवन्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या १७ अतिप्रदूषक उद्योगांच्या यादीत आहेत, आणि आसवनीतून एक थेंबही बाहेर जाऊ नये असं बंधन आहे.

इथेनॉल आलं म्हणजे सगळं हिरवं झालं, हा समज आता नव्याने रुजतोय. स्कूटरमध्ये २० टक्के मिश्रणाचं पाच लिटर पेट्रोल भरलं, तर त्यात एक लिटर इथेनॉल असतं. ते मळीपासूनचं असेल तर त्यामागे कुठेतरी ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश तयार झालेलं असतं. पेट्रोल पंपावर आपल्याला निवड नाही, पण ती बादलीभर जबाबदारी आपल्या नावावर आहेच.

गूळ घेतला की सुटलो, हेही पूर्ण खरं नाही. गुळात मळी वेगळी निघत नाही, हे मान्य. पण गुऱ्हाळातही चिपाडच जळतं, आणि बहुतेक धुराड्यांवर राख धरणारं काही नसतं.

मग ग्राहकाच्या हातात काय? चहातला अर्धा चमचा कमी करणं तब्येतीला चांगलं, पण देशातल्या साखरेचा निम्म्याहून मोठा वाटा शीतपेयं, बिस्किटं, मिठाई अशा धंद्यांत जातो. मुलांसाठी रोज येणारी बाटली आणि पुडा कमी केला, तर त्याचा हिशेब चहाच्या चमच्यापेक्षा मोठा होतो. चांगला कारखाना निवडून साखर घेणं मात्र अवघड. पन्नास किलोच्या पोत्यावर कारखान्याचं नाव आणि हंगाम छापलेला असतो, पण किराणा दुकानात पोतं फुटून साखर डब्यात गेली की ती कुठलीही असते.

इथे आपला जिल्हा इतरांपेक्षा वेगळा आहे. १९५० च्या अखेरीस लोणीजवळ सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, आणि तेव्हापासून इथला ग्राहक हा अनेकदा सभासदही आहे. दिवाळीला सवलतीची साखर घरी येते ती त्या नात्याने. दुकानातल्या गिऱ्हाईकाला जे विचारता येत नाही, ते सभासदाला वार्षिक सभेत विचारता येतं. ही सभा साधारण ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. किती पाणी वापरलं, किती घाण बाहेर गेली, हे सांगणारं पर्यावरण विवरणपत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देण्याची मुदतही तीच. तरी सभेत चर्चा होते ती उतारा आणि भावाचीच. भाव विचारायलाच हवा. त्यानंतर उभं राहून एवढं विचारावं: यंदा एका टन उसामागे किती लिटर सांडपाणी बाहेर सोडलं? २०१६ च्या नियमाने ही मर्यादा ४०० वरून २०० लिटरवर आली आहे. उत्तर त्याच्या आत हवं, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्यावं.