एक गुंठा, एक पिक्सेल

मागच्या डिसेंबरमधली गोष्ट. सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आलेली आणि मी होस्टेलच्या खोलीत अभ्यास बाजूला ठेवून लॅपटॉपवर काकांची मोसंबीची बाग बघत बसलो होतो. बाग अंबड तालुक्यात, जालना जिल्ह्यात. फोटो आकाशातून काढलेला आणि चक्क फुकट मिळालेला! महिनाभरातल्या चार-पाच प्रतिमा एकापुढे एक लावल्या तर हिरवेपणाचा आकडा सरळ खाली चाललेला. माझ्या पोटात गोळा आला. लगेच फोन लावला, "काका, बाग सुकायला लागलीय. पाणी देताय ना?"

काका आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "अरे येड्या, बाग ताणावर सोडलीय. आंबिया बहार धरायचाय. ताण दिल्याशिवाय फुलं येतात होय?"

शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. मोसंबीला फुलं यावीत म्हणून थंडीच्या दिवसांत महिना-दीड महिना तिचं पाणी मुद्दाम तोडतात. पानं मलूल होतात, काही गळतात. मग पाणी सोडलं की जानेवारी-फेब्रुवारीत झाड फुलतं. उपग्रहाने पान कमी झालेलं अगदी बरोबर टिपलं होतं. ते का कमी झालं, हे मात्र काकांनाच माहीत होतं. उपग्रहांच्या माहितीचा आपल्या भागातल्या धंद्यांना उपयोग करून घ्यायचा असेल तर हे दोन तुकडे जोडावे लागतात. ते जोडायचे कसे, यासाठी हा लेख.

हसण्यावारी नेलं तरी माझी भीती उगाच नव्हती. २०१२-१३च्या दुष्काळात मी दुसरीत होतो. विहिरी आटल्या, टँकरच्या पाण्यावर बागा जगवता आल्या नाहीत, आणि जालना जिल्ह्यात लोकांनी वर्षानुवर्षं वाढवलेली मोसंबीची झाडं कुऱ्हाडीने तोडली. आमचीही अर्धी बाग तेव्हाच गेली. कोणती झाडं वाचवायची आणि कोणती सोडायची हे तेव्हा काकांनी नुसत्या अंदाजाने ठरवलं होतं.

उपग्रहाला पान कसं दिसतं?

हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं, कारण हरितद्रव्याला तो अन्न तयार करायला लागतो. अवरक्त प्रकाश मात्र ते मोठ्या प्रमाणात परत फेकतं. डोळ्यांना तो दिसत नाही, उपग्रहाच्या कॅमेऱ्याला दिसतो. या दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज केली की एनडीव्हीआय नावाचा आकडा मिळतो. समजा अवरक्त ०.४५ आणि लाल ०.०५ परत आला, तर ०.४० भागिले ०.५०, म्हणजे ०.८. हे झालं निरोगी, दाट पीक. अवरक्त ०.३० आणि लाल ०.२० असेल तर उत्तर ०.२, म्हणजे जवळपास उघडी जमीन. गणित आठवीतलं आहे, घाबरू नका.

ही कल्पना आपल्या देशात नवीनही नाही. १९७० साली डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी केरळमध्ये हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांचे फोटो काढून रोगट झाडं ओळखण्याचा प्रयोग केला. भारतातल्या सुदूर संवेदनाची सुरुवात तिथूनच मानतात. १९८८ साली आपला पहिला आयआरएस उपग्रह गेला. त्याच वर्षी नागपूरला महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्रही सुरू झालं.

आता आपल्या मापात बोलू. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा लाल आणि अवरक्त पट्ट्यांतला एक पिक्सेल १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. आपला एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच १०१ चौरस मीटर. थोडक्यात, एक पिक्सेल म्हणजे एक गुंठा! मोसंबीची लागवड सहा बाय सहा मीटरवर असेल तर एका पिक्सेलमध्ये जेमतेम तीन झाडं येतात. एका एकरात चाळीस पिक्सेल. त्यातले कडेचे सोडून द्यायचे, कारण त्यांत बांध, बाभळी आणि शेजाऱ्याची तूर मिसळलेली असते. चौकोनी एकरात पंचवीसेक तरी चांगले पिक्सेल उरतात. आकाश निरभ्र असलं तर दर पाच दिवसांनी नवी प्रतिमा मिळते. अमेरिकेच्या लँडसॅटचा पिक्सेल ३० मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांचा. वाटण्या होऊन पट्ट्या-पट्ट्या झालेल्या शेतात हा फरक फार मोठा ठरतो.

जालन्याच्या धंद्यांना काय मिळेल?

जालना म्हटलं की पहिलं आठवतं बियाणं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्याचा प्लॉट घेताना त्याच्या आसपास ठराविक अंतरात त्याच पिकाचं दुसरं शेत चालत नाही, नाहीतर परागांची सरमिसळ होते. हे अंतर पिकानुसार काही मीटरपासून काही शे मीटरपर्यंत असतं. आजूबाजूला कुठे कोणतं पीक उभं आहे याचा पहिला नकाशा उपग्रहावरून करता येतो. मग तपासनीसाने कुठल्या शेतावर आधी जायचं हे ठरवणं सोपं जातं. पण वाण कोणता, हे वरून कळत नाही. शेजारच्या देऊळगाव राजा भागात भाजीपाल्याचं बियाणं शेडनेटमध्ये घेतात, तिथे तर वरून नुसती जाळीच दिसते!

दुसरा धंदा मोसंबीचा. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. इथे खरा प्रश्न पाण्याचा. शेततळं साधारण ३० बाय ३० मीटरचं असेल तर ते नऊ पिक्सेलमध्ये बसतं. पाणी अवरक्त प्रकाश शोषून घेतं, म्हणून ते काळंभोर दिसतं. पाणलोटाच्या कामामुळे आणि द्राक्षबागांमुळे नाव झालेल्या कडवंचीसारख्या गावात मार्चअखेर किती शेततळ्यांत पाणी उरलंय, हे एका प्रतिमेत मोजता येईल. पाण्याची खोली दिसत नाही, पण पसारा आकसत चाललेला दिसतो. कोणते प्लॉट मेपर्यंत तगतील, याचा अंदाज तेवढ्यावर बांधता येतो.

तिसरा रेशमाचा. २०१८ पासून जालन्याच्या बाजार समितीत रेशीम कोषांची खरेदी होते. तुतीची वर्षातून चार-पाच वेळा छाटणी होते, त्यामुळे तिच्या हिरवेपणाचा आलेख करवतीच्या दातांसारखा येतो. कापूस-सोयाबीनचा आलेख एकच टेकाड काढतो. या फरकावरून तुतीखालचं क्षेत्र शोधता येईल आणि बाजारात कोष कधी किती येणार याचा अंदाजही.

आणि स्टील? जालन्याच्या एमआयडीसीतल्या सळयांच्या कारखान्यांचं छप्पर लँडसॅटच्या उष्णतेच्या पट्ट्यात गरम दिसतं खरं. पण भट्टी किती चालली हे मालकाला विजेच्या बिलावरून जास्त अचूक कळतं! सगळीकडे उपग्रह घुसवायची गरज नसते.

ढगांचं काय?

खरीप जून ते सप्टेंबर, आणि ढगही तेव्हाच! नेमकं गरज असते तेव्हा कॅमेरा आंधळा होतो. त्यावर उपाय रडारचा. सेंटिनेल-१च्या रडार लहरी साडेपाच सेंटिमीटरच्या असतात, त्या ढगांतून आरपार जातात. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून सुटला. त्याची एल-बँडची लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे. ती पिकातून आणखी खोल जाते, आणि मातीच्या ओलाव्याचा अंदाज घ्यायला बरी पडते. मात्र रडारची प्रतिमा म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी. ती वाचायला सिग्नल प्रोसेसिंग लागतं. म्हणजे ई अँड टीसीवाल्यांनो, सब्जेक्ट ऑप्शनला टाकू नका!

आपण स्वतःचाच उपग्रह सोडला तर?

हा प्रश्न प्रत्येक टेकफेस्टला निघतो. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी हे केलेलंही आहे. पुण्याच्या सीओईपीचा सुमारे एक किलोचा 'स्वयम्' २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला, आणि आयआयटी मुंबईचा 'प्रथम' त्याच वर्षी २६ सप्टेंबरला. पण यांतला एकही शेताचे फोटो काढायला नव्हता. 'स्वयम्' हॅम रेडिओवरून संदेश पोचवण्यासाठी होता, तर 'प्रथम' आयनोस्फियरमधले इलेक्ट्रॉन मोजण्यासाठी.

असं का, ते आकड्यांतून बघू. ५०० किलोमीटर उंचीवरून हिरव्या प्रकाशात २ सेंटिमीटर व्यासाच्या लेन्सला, विवर्तनाच्या नियमाने, सुमारे १७ मीटरपेक्षा बारीक दिसूच शकत नाही. ९ सेंटिमीटरची लेन्स घेतली तर हीच मर्यादा पावणेचार मीटरपर्यंत येते, पण ती एक किलोच्या डब्यात मावायची कशी? आता जालना जिल्हा आहे सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर. १७ मीटरच्या पिक्सेलने तो भरायला २ कोटी ६६ लाख पिक्सेल लागतात. दोन रंग, प्रत्येकी आठ बिट, म्हणजे साधारण ४२ कोटी ६० लाख बिट झाले. उपग्रह डोक्यावरून जाताना, मन मोठं करून, दहा मिनिटं संपर्क मिळतो असं धरू. सेकंदाला ९,६०० बिटच्या रेडिओवर एका फेरीत ५७ लाख ६० हजार बिट उतरतात. म्हणजे एका चित्रासाठी ७४ फेऱ्या! दिवसाला चार धरल्या तर अठरा-एकोणीस दिवस. तोवर फुलोरा येऊन जाईल. वेगवान रेडिओ लावता येतो, पण मग वजन, वीज आणि पैसा तिन्ही वाढतात.

मग छोटे उपग्रह कुचकामी आहेत का? मुळीच नाही. त्यांची ताकद थव्यात आहे. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी पीएसएलव्ही-सी३७ने १०४ उपग्रह एका दमात सोडले, त्यांतले ८८ प्लॅनेट या अमेरिकन कंपनीचे 'डव्ह' होते. एकेकटा डव्ह लहानसाच, पण थवा मिळून जवळपास रोज तीनेक मीटरची प्रतिमा देतो. पाच दिवसांची वाट रोजवर आली की ढगांची फट सापडण्याची शक्यता वाढते. ही माहिती मात्र विकत घ्यावी लागते.

म्हणून माझं प्रामाणिक मत असं की, एका कॉलेजने एकट्याने जालन्याच्या शेतीसाठी कॅमेऱ्याचा उपग्रह करायला जाऊ नये. शिकण्यासाठी जरूर करावा. शेतीसाठी आधी जे फुकट वाहतंय ते भांड्यात धरावं.

मग करायचं काय?

आपल्या वर्गात मराठवाड्यातल्या गावांची निदान वीस मुलं आहेत. प्रत्येकाने आपल्या आणि भावकीच्या दहा प्लॉटची नोंद ठेवली तर दोनशे प्लॉट होतात. प्लॉटच्या चारही कोपऱ्यांची जागा मोबाइलवरून घ्यायची. पीक कोणतं, पेरणी कधी, ताण कधी दिला आणि कधी तोडला, रोग आला का, उत्पन्न किती निघालं, एवढं वहीत लिहायचं. प्रतिमा कोपर्निकसच्या संकेतस्थळावरून मिळतात आणि त्या उघडायला क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. एनएसएसच्या कॅम्पमध्ये दोन दिवस यासाठी काढता येतील.

याची घाई आहे, आणि कारण साधं आहे. २०२३च्या खरिपापासून पीकविम्यात भात आणि गव्हाच्या उत्पादनाचा अंदाज काढताना तंत्रज्ञानातून आलेल्या आकड्याला वजन द्यायला सुरुवात झाली. उद्या आपल्या पिकांचे पैसेही असेच पिक्सेल बघून ठरणार असतील, तर ते पिक्सेल आपल्या मातीवर तपासलेले हवेत. नाहीतर माझ्यासारखा एखादा कुठेतरी बसून ताणाला दुष्काळ समजेल, किंवा खऱ्या दुष्काळाला ताण!

आणखी एक. ही वही शेतकऱ्याला विचारल्याशिवाय कोणाला द्यायची नाही. बागेचे सौदे अजूनही उक्ते होतात. बागेत माल किती आहे हे घेणाऱ्याला आधी कळलं, तर भाव कोणाच्या बाजूने पडेल हे सांगायला नको.

फेब्रुवारीत काकांची बाग फुलली. एप्रिलमध्ये मी गावी गेलो तेव्हा त्यांना सगळा आलेख दाखवला. ताणाचा खड्डा, पाणी सोडल्याची तारीख, नंतरची चढण, सगळं. त्यांनी नीट बघितलं आणि विचारलं, "विहिरीत पाणी किती राहिलं, ते दिसतं का रे यात?"

नाही दिसत. गुरुत्वाकर्षण मोजणारे ग्रेससारखे उपग्रह भूजलाचा बदल सांगतात, पण शेकडो किलोमीटरच्या पट्ट्याचा मिळून. एका विहिरीचा नाही. मी तसं सांगितल्यावर काका उठले, दोरीला दगड बांधला आणि विहिरीवर गेले. तेव्हापासून दर रविवारी मला त्यांचा मेसेज येतो. त्यात फक्त एक आकडा असतो, फुटांत. वहीत त्यासाठी मी एक वेगळा रकाना आखलाय.