लसीकरण-प्रमाणपत्रांची संसदीय छाननी, ब्रिटनमधील

रोगप्रतिबंधक लस घेतल्याचा शासनमान्य दाखला ही सार्वजनिक स्थळी प्रवेशाची अट ठरविणाऱ्या योजनांची ब्रिटनमधील विधिमंडळांनी केलेली तपासणी. लस टोचल्याची नोंद ठेवणे ही मूलतः वैद्यकीय बाब होय. परंतु त्या नोंदीवर नागरिकाचा संचार किंवा प्रवेश अवलंबून ठेवला, की तिचे स्वरूप पालटते व ती हक्कांवरील निर्बंधाचे साधन बनते. अशा योजनेची छाननी करताना सामान्यतः पाच प्रश्न विचारात घेतले जातात : तिची आवश्यकता पुराव्याने सिद्ध झाली आहे काय, निर्बंध उद्दिष्टाच्या प्रमाणात आहे काय, कोणत्या समाजगटांवर त्याचा अधिक भार पडतो, आरोग्यविषयक वैयक्तिक माहिती सुरक्षित राहील काय आणि योजना केव्हा संपुष्टात येईल.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : इंग्लंड व वेल्समध्ये १८५३ च्या अधिनियमाने अर्भकांना देवीची लस टोचणे सक्तीचे केले. लस यशस्वी झाल्याचा दाखला जन्मनोंदणी अधिकाऱ्याकडे पोहोचविण्याची व्यवस्था त्यात होती. १८६७ च्या अधिनियमाने लस न टोचून घेणाऱ्या पालकांना पुनःपुन्हा दंड करण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यामुळे, विशेषतः श्रमिक वर्गात, तीव्र असंतोष पसरला. १८८५ मध्ये लेस्टर येथे मोठे निदर्शन झाले. १८८९ मध्ये नेमलेल्या राजकीय आयोगाने १८९६ मध्ये अंतिम अहवाल सादर केला. लसीची उपयुक्तता मान्य करूनही आयोगाने वारंवार दंड करण्याची पद्धत बंद करावी, अशी शिफारस केली. १८९८ च्या अधिनियमान्वये, लस बालकाच्या प्रकृतीस अपायकारक ठरेल असा आपला प्रामाणिक विश्वास असल्याचे दंडाधिकाऱ्यांना पटवून देणाऱ्या पालकास सूट देणारे प्रमाणपत्र मिळू लागले. अशा रीतीने सक्तीच्या दाखल्यासोबत सुटीचाही दाखला अस्तित्वात आला. १९०७ मध्ये ही सूट केवळ प्रतिज्ञापनावर मिळू लागली, तर १९४८ मध्ये सक्तीच संपुष्टात आली. [→ देवी; लस व अंतःक्रामण].

निवड समितीचा अहवाल : कोविड-१९ च्या साथीत हा प्रश्न नव्या रूपाने उद्‌भवला. निर्बंध टप्प्याटप्प्याने शिथिल करण्याचा आराखडा शासनाने २२ फेब्रुवारी २०२१ रोजी मांडला. त्यात देशांतर्गत वापरासाठी ‘कोविड-दर्जा प्रमाणपत्र’ असावे काय याचा आढावा घेण्याचे ठरले व तो मायकेल गोव्ह या मंत्र्यांकडे सोपविण्यात आला. या दाखल्यात लसीकरणाबरोबरच चाचणीचा निष्कर्ष किंवा पूर्वी होऊन गेलेला संसर्ग यांचाही विचार अभिप्रेत होता. हाउस ऑफ कॉमन्सच्या लोकप्रशासन व संविधानविषयक निवड समितीने विल्यम रॅग यांच्या अध्यक्षतेखाली या प्रस्तावाची स्वतंत्र चौकशी केली.

जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालातील निष्कर्ष स्पष्ट होता. प्रमाणपत्रासाठी आवश्यक तो शास्त्रीय आधार शासनाला मांडता आलेला नाही. सबब देशांतर्गत योजनेचा विचार सोडून द्यावा. लस घेण्याचे प्रमाण वय, वंश, धर्म व आर्थिक स्थिती यांनुसार भिन्न असल्याने वरवर समान दिसणारी अट प्रत्यक्षात काही गटांवर अधिक भार टाकील, असेही समितीने दाखवून दिले. समितीचा आक्षेप लसीला नव्हता, तर पुराव्यावाचून लादल्या जाणाऱ्या अटीला होता, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. निवड समितीच्या शिफारशी शासनावर बंधनकारक नसतात. तथापि ५ जुलै रोजी शासनाने प्रमाणपत्र सक्तीचे न करण्याचे जाहीर केले.

विनियम व मतदान : हा निर्णय टिकला नाही. सप्टेंबरअखेर रात्रमंडळांत (नाइटक्लब) प्रवेशासाठी पूर्ण लसीकरणाची अट घालण्याचा मनोदय पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी १९ जुलै रोजीच व्यक्त केला. १२ सप्टेंबर रोजी आरोग्यमंत्र्यांनी तो मागे घेतल्याचे सांगितले. पुढे ओमायक्रॉन या विषाणूप्रकाराचा प्रसार होताच डिसेंबरमध्ये योजना पुन्हा पुढे आली.

ती स्वतंत्र अधिनियमाद्वारे न आणता सार्वजनिक आरोग्य (रोगनियंत्रण) अधिनियम, १९८४ खालील विनियमांद्वारे आणण्यात आली. अशा प्रत्यायोजित विधिविधानात, म्हणजे संसदेने दिलेल्या अधिकारांतर्गत मंत्र्यांनी केलेल्या नियमांत, सभागृहाला सामान्यतः दुरुस्ती सुचविता येत नाही. ते संपूर्ण स्वीकारावे वा फेटाळावे लागतात. हाउस ऑफ कॉमन्सने १४ डिसेंबर २०२१ रोजी हे विनियम ३६९ विरुद्ध १२६ मतांनी संमत केले. सत्ताधारी हुजूर पक्षाच्या सुमारे शंभर सदस्यांनी विरोधी मत दिले. मजूर पक्षाच्या पाठिंब्यामुळे प्रस्ताव तरला. दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी सुरू झाली.

रात्रमंडळे, बंदिस्त जागेतील ५०० किंवा अधिक व उघड्यावरील ४,००० किंवा अधिक उभ्या प्रेक्षकांचे कार्यक्रम आणि १०,००० वा त्याहून अधिक उपस्थितीचे कोणतेही कार्यक्रम यांना ही अट लागू होती. ४८ तासांच्या आतील नकारात्मक चाचणीचा पर्यायही उपलब्ध होता. विनियमांतच २६ जानेवारी २०२२ ही समाप्तीची तारीख नमूद असल्याने सहा आठवड्यांत ते आपोआप रद्द झाले.

स्कॉटलंड व वेल्स : स्कॉटलंडच्या संसदेने ९ सप्टेंबर २०२१ रोजी योजनेचा ठराव ६८ विरुद्ध ५५ मतांनी मान्य केला. तेथे प्रारंभी केवळ लसीचा दाखलाच ग्राह्य होता. ६ डिसेंबरपासून नकारात्मक चाचणीही चालू लागली. वेल्सच्या विधिमंडळात ५ ऑक्टोबर रोजी २८ विरुद्ध २७ असे निसटते बहुमत मिळाले. विरोधी पक्षाच्या एका सदस्यास दूरस्थ मतदानात सामील होता आले नाही, त्यामुळे हा निकाल विशेष गाजला.

तुलना : फ्रान्समध्ये अशी योजना अधिनियमाद्वारे आली आणि ५ ऑगस्ट २०२१ रोजी तेथील संविधान परिषदेने तिचा मुख्य भाग वैध ठरवून काही तरतुदी रद्द केल्या. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या उपनगरी रेल्वेत दोन्ही मात्रा घेतलेल्या प्रवाशांना मुभा मिळाली, ती मात्र शासकीय आदेशांनी. त्यामुळे हा वाद विधिमंडळाऐवजी उच्च न्यायालयात लढविला गेला. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी, कोणासही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणबद्ध निर्बंध घालता येतील, असा निर्णय दिला.

मूल्यमापन : ब्रिटनमधील अनुभवावरून संसदीय छाननीचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही दिसून येतात. जूनमध्ये समितीला साक्षीपुरावा तपासण्यास अवधी होता. डिसेंबरमध्ये सभागृहाला जवळजवळ नव्हता. साथीचा वेग पाहता तातडीचे अधिकार शासनाकडे असणे अपरिहार्य आहे. पण तातडी हेच कारण पुढे करून पुराव्याची मागणी टाळता येते, हा त्यातील धोका होय. अशा वेळी पूर्वनिश्चित समाप्तीची तारीख हे छाननीचे सर्वांत परिणामकारक साधन ठरते. कारण मुदत वाढवावयाची झाल्यास शासनाला पुन्हा सभागृहापुढे येऊन कारणे द्यावी लागतात. १८५३ च्या अधिनियमात अशी मर्यादा नव्हती व सूट मिळविण्यास पालकांना ४५ वर्षे वाट पाहावी लागली.