परवाना, नोटीस आणि अंदाजपत्रक

सकाळीं नळाला पाणी येण्यापासून रात्रीं रस्त्यावरचा दिवा लागेपर्यंत शहरांतल्या कुटुंबाचा संबंध ज्या एका संस्थेशीं येतो, ती म्हणजे नगरपालिका. हा संबंध इतका नित्याचा आहे कीं, नळ कोरडा पडल्याशिवाय किंवा गटार तुंबल्याशिवाय तो कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. पाणी, दिवा आणि झाडू हीं पालिकेचीं दिसणारीं कामें होत. त्यांच्या मागें तीन न दिसणारीं कामें सतत चाललेलीं असतात. धंद्याला परवाना देणें, मोडकळीस आलेल्या किंवा बेकायदा बांधकामावर नोटीस बजावणें, आणि करदात्याच्या पैशाचा खर्च मंजूर करणें, हीं तीं कामें. तीं होतात कागदावर. पण त्या कागदांत चूक झाली तर ती माणसांच्या जिवावर बेतते. मुंबईच्या महानगरपालिकेचा इतिहास पाहिला म्हणजे हें तर पटतेंच, पण आणखीहि एक गोष्ट पटते: कोणताहि अधिकार दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखालीं असला, तरच तो शहराच्या हिताचा ठरतो.

ह्या इतिहासाचा आरंभ १८६५ सालच्या कायद्यापासून करणें योग्य होईल. त्या कायद्यानें मुंबईचा सारा अंमलबजावणीचा कारभार कमिशनर नांवाच्या एका अधिकाऱ्याच्या हातीं दिला. आर्थर क्रॉफर्ड हे पहिले कमिशनर. माणूस मोठा उद्योगी आणि धडाडीचा. त्यांनीं रस्ते रुंद केले, घाण काढली, आणि आज महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या नांवानें ओळखली जाणारी मोठी मंडई उभारली. परंतु अमेरिकेंतलें यादवी युद्ध संपून कापसाची तेजी ओसरली होती, शेअरबाजार कोसळला होता, आणि इकडे खर्चाला मात्र लगाम राहिला नव्हता. देखरेख करणाऱ्या जस्टिसांच्या सभेला पैसा संपल्यावर हिशेब कळे! करदाते खवळले, आणि १८७१ सालीं शहरांत मोठी चळवळ झाली.

त्या वादांत तरुण फिरोजशहा मेहता ह्यांनीं घेतलेली भूमिका आजहि विचार करण्याजोगी आहे. एकट्या कमिशनरवर खापर फोडून भागणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. अंमलबजावणी करणारा हात एकच आणि समर्थ असावा. पण त्याच्यावर लक्ष ठेवणारी सभा करदात्यांनीं निवडलेली असावी. १८७२ च्या कायद्यानें चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन अस्तित्वांत आली, आणि त्यांतील निम्मे सभासद करदाते निवडूं लागले. पुढें १८८८ चा कायदा झाला. वेळोवेळीं दुरुस्त होऊन तोच आजहि मुंबईला लागू आहे. प्रौढ मतदानाचा हक्क मिळायला मात्र १९४८ साल उजाडावें लागलें.

ह्या कायद्यांतील पैशाची व्यवस्था घरच्या हिशेबासारखी सरळ आहे. पुढील वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज आयुक्तानें, म्हणजे जुन्या भाषेंत कमिशनरनें, ५ फेब्रुवारीपर्यंत स्थायी समितीपुढें ठेवावयाचा. समितीनें तो तपासून सभागृहाकडे पाठवावयाचा, आणि ३१ मार्चच्या आंत सभागृहानें तो मंजूर करावयाचा. ज्या रकमेला अंदाजपत्रकांत मंजुरी नाहीं, ती तिजोरींतून काढतां येत नाहीं. शिवाय हिशेब तपासणारा मुख्य लेखापरीक्षक महापालिकेनें नेमलेला असतो. मागणारा एक, मंजूर करणारा दुसरा आणि तपासणारा तिसरा, अशी ही रचना आहे.

ही रचना मोडली म्हणजे काय होतें, हें अलीकडेच दिसून आलें. मार्च २०२२ मध्यें सभासदांची मुदत संपली, आणि नवी निवडणूक व्हावयास जानेवारी २०२६ उजाडला. जवळजवळ चार वर्षें आयुक्त हाच प्रशासक होता. अंदाजपत्रक मांडणारें आणि मंजूर करणारें पद एकच झालें. २०२५-२६ चें अंदाजपत्रक सुमारें ७४,४२७ कोटी रुपयांचें होतें, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम रस्ते, पूल, सांडपाण्याचीं केंद्रें अशा भांडवली कामांची होती. अधिकारी कितीहि प्रामाणिक असो, एवढ्या रकमेबद्दल भर सभेंत उभें राहून प्रश्न विचारणारा कोणी नसावा, ही स्थिति १८७१ च्या करदात्यांना ओळखीची वाटली असती.

उत्पन्नाच्या बाजूसहि असाच एक फेर झाला आहे. जकात हें मुंबईच्या उत्पन्नाचें सर्वांत मोठें साधन होतें. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला आणि जकात गेली. तिच्याऐवजीं राज्य सरकार भरपाई देतें. नाक्यांवरचा खोळंबा संपला, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु स्वतःच्या दारांत गोळा होणारा पैसा आणि दुसऱ्याच्या हातून येणारा पैसा ह्यांत फरक असतो, हें कोणत्याहि गृहिणीला सांगावयास नको. राहिला मालमत्ता कर. १ जानेवारी २०२२ पासून पांचशें चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना तोहि माफ झाला आहे. लहान घरांस ही सवलत हवीच होती. पण जो कर देत नाहीं तो हिशेबहि मागत नाहीं, अशी संवय त्यांतून लागूं नये.

आतां परवान्याकडे वळूं. पुष्कळांची समजूत अशी असते कीं, परवाना म्हणजे फी घेऊन दिलेली पावती. कायद्याचा हेतु तसा नाहीं. जीविताला, आरोग्याला किंवा मालमत्तेला ज्यांपासून धोका किंवा शेजाऱ्यांना ज्यांचा उपद्रव होण्याचा संभव आहे, अशा वस्तूंचा सांठा आणि असे धंदे १८८८ च्या कायद्याच्या ३९४ व्या कलमाखालीं येतात. परवान्यांत अटी असतात, आणि त्या मोडल्यास तो रद्द करतां येतो. म्हणजे परवाना हें पालिकेनें शेजाऱ्यांना दिलेलें एक वचनच होय: ह्या जागेवर आमची नजर आहे.

ही नजर ढळली कीं काय होतें, त्याचीं दोन उदाहरणें पुरेत. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळ येथील कमला मिलच्या आवारांत गच्चीवरच्या दोन उपाहारगृहांना आग लागली, आणि चौदा माणसें मरण पावलीं. गच्चीवर घातलेलें ज्वालाग्राही आच्छादन नियमाबाहेरचें होतें. धंद्याचा परवाना पाहणारा, बांधकाम पाहणारा आणि आगीचा बंदोबस्त पाहणारा असे तीन विभाग निराळे. प्रत्येकानें आपापला कागद पाहिला, तरी गच्ची कोणी पाहिली नाहीं, असें होऊं शकतें. दुसरें उदाहरण १३ मे २०२४ चें. वादळी वाऱ्यांत घाटकोपरच्या छेडानगर भागांतील एक प्रचंड जाहिरातफलक पेट्रोलपंपावर कोसळून सतरा माणसें गेलीं. पालिकेच्या नियमाप्रमाणें फलकाची कमाल मर्यादा चाळीस फूट लांब आणि चाळीस फूट उंच एवढीच. हा फलक तिच्या कितीतरी पट मोठा होता. जमीन रेल्वे पोलिसांच्या ताब्यांतली, परवानगी त्यांच्याच खात्याची. पालिकेची परवानगी घेतलेली नव्हती. जमिनीचा मालक कोण हा वाद कागदावर चालतो. खालीं उभ्या असलेल्या माणसाला मात्र छत्र कोणाचेंच नसतें.

परवाना नाकारण्यानेंहि प्रश्न सुटत नाहीं, हें फेरीवाल्यांच्या बाबतींत दिसतें. मुंबईंत १९७८ पासून नवे परवाने देणें जवळजवळ बंदच झालें. शहर वाढत गेलें, भाजी आणि फळें दाराशीं हवींशीं वाटत राहिलीं, आणि विकणारेहि वाढले. परवाना नसलेला विक्रेता नाहींसा होत नाहीं. तो केवळ हप्ता घेणाऱ्याच्या मर्जीवर जगूं लागतो. त्यामुळें पालिकेचें उत्पन्न बुडतें आणि पादचाऱ्याला पदपथहि मिळत नाहीं. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ह्या प्रश्नांत लक्ष घातलें, आणि २०१४ सालीं संसदेनें पथविक्रेत्यांसाठीं स्वतंत्र कायदा केला. त्याप्रमाणें नगर पथविक्रेता समिति नेमावी, तिच्यांत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींना द्याव्या, दर पांच वर्षांनीं पाहणी करावी, आणि लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा नेमून द्याव्या, असें ठरलें. कायदा होऊन दशक लोटलें तरी मुंबईंत त्याची घडी नीट बसलेली नाहीं. पण दिशा बरोबर आहे. कारण ज्याचा पोटाचा प्रश्न आहे, त्याच्या हातांत कागद असला तरच त्याला नियम पाळण्यांत स्वारस्य राहतें.

तिसरी बाब नोटिशीची. पडायला आलेल्या इमारतीविषयीं ३५४ व्या कलमाखालीं आयुक्त मालकाला आणि राहणाऱ्याला नोटीस देतो: ती पाडा, सांवरा किंवा दुरुस्त करा. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची बांधणी तज्ज्ञाकडून तपासून घेणें कायद्यानें बंधनकारक आहे. तपासणीनंतर इमारतींचे वर्ग पाडले जातात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करण्याजोगी. पावसाळ्याच्या तोंडावर ह्या वर्गाची यादी प्रसिद्ध होते.

मग माणसें घर कां सोडीत नाहींत? ह्याचें उत्तर जुनें आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें बहुतेक घरांचीं भाडीं १९४० च्या पातळीवर बांधलीं गेलीं. भाडेकरूला आसरा मिळाला, पण दुरुस्तीचा खर्च भाड्यांतून निघेना, आणि मालकानें वाड्याकडे पाठ फिरवली. १९६९ सालीं दुरुस्तीसाठीं उपकर बसवून स्वतंत्र मंडळ काढावें लागलें. एकदां घर सोडलें तर तें परत मिळेल कीं नाहीं, ही भीति भाडेकरूच्या मनांत भिंतीच्या भेगेहून मोठी असते. म्हणून नोटिशीबरोबर संक्रमणाची जागा, आणि कोणाच्या ताब्यांत किती जागा होती ह्याची लेखी नोंद, हीं दोन्ही दिलीं नाहींत तर नोटीस दारावर चिकटवून अधिकारी मोकळे होतात, आणि माणसें आंतच राहतात.

२७ सप्टेंबर २०१३ रोजीं पहाटे माझगांव येथें डॉकयार्ड रोड स्थानकाजवळची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली, आणि एकसष्ट माणसें मृत्युमुखीं पडलीं. ही इमारत महानगरपालिकेच्या स्वतःच्या मालकीची होती. राहणारे तिच्याच मंडई खात्याचे कर्मचारी आणि त्यांचीं कुटुंबें. इमारतीला दुरुस्तीची गरज आहे, हें आधींच नोंदलें गेलें होतें. तळमजल्यावरील भाड्यानें दिलेल्या जागेंत केलेल्या फेरफारांचा आरोप पुढें खटल्यांत आला. ह्या एका इमारतींत तिन्ही कामें एकत्र आलीं. जागा वापरण्याची परवानगी देणारी पालिका, धोका ओळखणारी पालिका, आणि दुरुस्तीचा पैसा मंजूर करणारीहि पालिका. जेथें दुसऱ्या मालकाला दटावतां आलें असतें, तेथें मालक स्वतःच असल्यामुळें दटावणारें कोणी उरलें नाहीं.

सुशिक्षित कुटुंबानें ह्यांतून घ्यावयाचा बोध अवघड नाहीं. सोसायटीच्या वार्षिक सभेंत रंगकामाआधीं बांधणीच्या तपासणीचा विषय यावा. खालच्या गाळ्यांत भिंत किंवा खांब तोडला जात असेल, तर विभाग कार्यालयांत लेखी तक्रार द्यावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा. फेब्रुवारींत अंदाजपत्रक प्रसिद्ध होतें. त्यांत आपल्या विभागाच्या गटारांना, शाळांना आणि दवाखान्यांना काय मिळालें, आणि मागील वर्षीं मिळालेल्यापैकीं किती खर्चलें गेलें, हे दोन आंकडे नगरसेवकाला विचारावे. मत पांच वर्षांनीं एकदां द्यावयाचें असतें. प्रश्न विचारण्याला मुदत नाहीं.

महापालिकेच्या भव्य इमारतीसमोर फिरोजशहांचा पुतळा उभा आहे. त्यांनीं आणि त्यांच्या पिढीनें शहराला मिळवून दिलेला खरा ठेवा म्हणजे हिशेब मागण्याचा अधिकार. परवाना देणाऱ्यावर, नोटीस बजावणाऱ्यावर आणि पैसा खर्चणाऱ्यावर करदात्याची नजर राहिली, तर कागदाला कांहीं अर्थ राहील. नाहीं तर त्याचें मोल पुढच्या दुर्घटनेनंतर चौकशी समितीच कायतें ठरवील.