पानांचे १७ सेकंद

सरबताच्या पाकिटापासून फसफसणाऱ्या गोळीपर्यंत सगळीकडे सापडणारं सायट्रिक आम्ल जगात दरवर्षी २० लाख टनांहून जास्त तयार होतं. एका कागदी लिंबाच्या रसात ते जेमतेम ग्रॅमभर. लिंबं पिळून एवढं आम्ल काढायचं, तर वर्षाला दोन लाख कोटी लिंबं लागतील. एक लिंबू ५० ग्रॅमचं धरा, वजन भरतं १० कोटी टन. सगळ्या जातींची मिळून जगात पिकतात, त्याच्या चौपटीहून जास्त!

लिंबांऐवजी हे काम एक काळी बुरशी करते, ॲस्परजिलस नायजर. तिची ही करामत अमेरिकेत जेम्स करी यांनी १९१७ मध्ये दाखवून दिली आणि १९१९ मध्ये फायझरने उत्पादन सुरू केलं. टाकीत साखरेचं पाणी, भरपूर हवा आणि मँगनीज जवळजवळ शून्य. मँगनीजविना बुरशीची वाढ अडते आणि साखरेचं आम्ल होत राहतं. आठवडाभरात लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाच्या दुप्पट.

सायट्रिकहून मोठे वार्षिक आकडे तेल, वायू आणि कोळशातून बनणाऱ्या आम्लांचे. मेथॅनॉल आणि कार्बन मोनॉक्साइडपासून ॲसेटिक आम्ल दीड कोटी टनांहून अधिक. पॉलिएस्टरसाठीचं टेरेफ्थॅलिक आम्ल सात कोटी टनांहून अधिक, तेही २०० अंशांच्या आसपास तापवून.

आता हिरवं पान पाहा. कार्बन डायॉक्साइडचा एक रेणू पकडला, की रुबिस्को हे विकर फॉस्फोग्लिसरिक आम्लाचे दोन रेणू तयार करतं. वरच्या आम्लांसारखंच हेही कार्बॉक्सिलिक आम्ल. रुबिस्कोच्या रेणूतलं एकेक सक्रिय स्थान सेकंदाला जेमतेम तीन-चार वेळा हे काम करतं. तरी जमिनीवरच्या वनस्पती वर्षाला सुमारे १२,००० कोटी टन कार्बन पकडतात. हिशेब मांडला, तर आम्ल होतं ३ लाख ७० हजार कोटी टन. सरासरी सेकंदाला एक लाख टनांहून जास्त. जगाचं वर्षभराचं सायट्रिक आम्ल म्हणजे पानांचे १७ सेकंद. वरची तिन्ही आम्लं मिळून जेमतेम पाव तास.

पानातलं हे आम्ल साठून राहत नाही, लगेच त्याची साखर होते. पुढे काही वनस्पती वेगळी आम्लं राखून ठेवतात. हरभऱ्याच्या पानांवरचे सूक्ष्म केस तर मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल बाहेर टाकतात. पहाटे पिकावरून कापड फिरवून पिळलं, की हाती येते ती आंब.

बुरशीच्या टाकीतली साखर पानांनीच केलेली, आणि तेल-कोळशातला कार्बनही प्राचीन वनस्पती-शैवालांनी सूर्यप्रकाशात पकडलेला. कारखान्यांच्या या तिन्ही आम्लांचं मूळ भांडवल प्रकाशसंश्लेषणाचंच आहे.